मध्यमस्तिष्काच्या जागृतीविषयी

शेलार व भिवंडी परिसरातील पालक, विशेषतः यंत्रमागावर पाळ्या करून मुलांच्या शिक्षणासाठी चार पैसे बाजूस टाकणारे, सुट्टी लागण्याच्या सुमारास हमखास विचारतात की मुलाचे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’, म्हणजे निद्रिस्त मध्यमस्तिष्क जागे करून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचता येईल असा दावा करणारा वर्ग, करून घ्यावे काय. करू नये.

मनुष्य मेंदूचा केवळ दहावा हिस्सा वापरतो, असे ह्या वर्गांच्या जाहिरातींत ठासून सांगितलेले असते, आणि दुर्दैवाने काही गुरुजीही ते सांगतात. परंतु शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के भरणारा आणि विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा खाणारा हा अवयव नऊ हिस्से निकामी बाळगील, हा जमाखर्च निसर्गास परवडणारा नव्हे. डाव्या-उजव्या मेंदूची कथाही अशीच फुगवलेली. रॉजर स्पेरी यांना १९८१ चे नोबेल मिळवून देणारे संशोधन दोन गोलार्धांमधील दुवा शस्त्रक्रियेने छेदलेल्या रुग्णांवरचे होते. त्यावरून धडधाकट मुलांची ‘डाव्या मेंदूची’ आणि ‘उजव्या मेंदूची’ अशी विभागणी करणे गैरलागू आहे.

राहिले मध्यमस्तिष्क. मस्तिष्कस्तंभाच्या शिरोभागी असलेला हा जेमतेम दोन सेंटिमीटरांचा भाग डोळ्यांची हालचाल, उजेडात बाहुलीचे आकुंचन आणि खुद्द जागेपण यांच्याशी निगडित असल्यामुळे तो खरोखर निद्रिस्त असता, तर मूल त्या वर्गास चालत न जाता बेशुद्धावस्थेत इस्पितळात दाखल झाले असते.

मग त्या वर्गांत डोळ्यांवर पट्टी बांधून मुले वाचतात कशी? नाकालगतच्या फटीतून. मंगळुरूचे नरेंद्र नायक यांनी ही युक्ती जाहीरपणे उघड केली आहे. आपणांस रुजुवात हवी असल्यास पुस्तक मुलाच्या डोक्यामागे धरून पाहावे. फीचा भुर्दंड बाजूस ठेवला तरी, आईबापांच्या कौतुकापोटी आठ-दहा वर्षांचे पोर खोटे रेटू लागते, हे मला अधिक खटकते.

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाची प्रथम दृष्टी, श्रवण आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या दिवशी मुलास घरी ठेवू नये. सहा ते बारा वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास झोप लागते. घराला लागूनच माग खडखडत असतील, तर निजण्याची तजवीज आतल्या खोलीत करावी. शाळेतून मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी जेवणानंतर द्यावी, चहाबरोबर नव्हे. तिने शौचास काळसर झाले तर घाबरून ती बंद करू नये.