तेलाचा दाब का घटतो? : कारणशोधाचा एक पाठ

मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवरून आजारी माणूस किंवा बाळंतीण रुग्णालयात पोहोचते ती बहुधा जीपनेच. नाशिककडे जाताना तोरंगण घाटात त्या जीपचे इंजिन जाम झाले, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही. म्हणून ऑईलच्या दाबाचा तांबडा दिवा काय सांगतो, हे आपण सर्वांनीच समजून घेतले पाहिजे. दुःख ओळखावे, कारण शोधावे आणि मगच उपायाचा मार्ग धरावा, हा आर्यसत्यांचा क्रम येथेही उपयोगी पडतो.

दिवा लागताच गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. फिरता क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकत नाही. तो दाबाखालील तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर तुटला की धातूवर धातू घासू लागतो.

त्यानंतर सपाट जागी, दहा मिनिटे थांबून, तेलाची पट्टी पाहावी. दिवा केवळ चढणीवर किंवा वळणावर लुकलुकत असेल, तर तेल कमी असण्याचा संभव अधिक. ते एका बाजूस सरकते आणि पंपाची जाळी उघडी पडते. पातळी वाढलेली असून डिझेलचा वास येत असेल, तर तेलात इंधन उतरले आहे. तेल दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे. या दोन्ही स्थितींत गाडी पुढे नेऊ नये.

पातळी योग्य असल्यास ऑईल स्विच काढून तेथे दाबाचे मीटर बसवावे. गरम इंजिनावर दर १००० फेऱ्यांना सुमारे १० पौंड प्रति चौरस इंच, हा ढोबळ ठोकताळा होय. अंतिम प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेतलेच. मीटर योग्य दाब दाखवीत असेल, तर दोष स्विचचा किंवा तारेचा. थंड असताना दाब चांगला आणि गरम झाल्यावर मंद गतीत कमी, तर तेल पातळ झाले आहे किंवा बेअरिंग झिजली आहेत. सर्वच वेळी दाब कमी, तर जाळी तुंबली आहे, रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे किंवा पंप झिजला आहे. हा क्रम पाळल्यास विनाकारण इंजिन खोलावे लागत नाही.

काही जण दिव्याची तारच काढून टाकतात. त्याने दिवा विझतो, दोष तसाच राहतो. रोज पहिल्या फेरीपूर्वी तेलाची पट्टी पाहण्याची सवय आपण मुलांना लावू या.