अनोळखी लोकांपुढे पसरलेला हात

काही आठवड्यांपूर्वीची गोष्ट. असरची नमाज आटोपून मी मशिदीच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा मोहल्ल्यातील एक तरुण वजूखान्यापाशी थांबलेला दिसला. फज्रनंतर सायकल घेऊन तुळजापूरच्या रस्त्याला लागणारा, घाट चढून दहाच्या आत सोलापुरात परतणारा हा मुलगा सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याने मोबाइल माझ्या हाती दिला. त्यावर त्याने एक आवाहन लिहून ठेवले होते. त्याला कार्बन फ्रेमची, इलेक्ट्रॉनिक गिअरची रोड बाइक हवी होती. (आपल्याकडे बाइक म्हटले की फटफटीच डोळ्यांपुढे येते, ही मात्र पायडल मारण्याची सायकल.) किंमत सहा लाखांच्या वर. कोणा दानशूराने ती मोफत द्यावी, एवढीच विनंती. "मौलाना, हे तुमच्या नावाने ग्रुपवर टाका. ओळख ना पाळख असलेले लोकसुद्धा मग विश्वास ठेवतील."

त्याचे शेवटचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. आवाहन त्याचे, पण साक्ष माझी मागितली जात होती.

सवाल करणे, म्हणजे लोकांपुढे मागणे, यासंबंधी शरीअतची शिकवण आपण सहसा एका वाक्यात संपवून टाकतो: भीक मागणे वाईट. परंतु सहीह मुस्लिममधील हजरत कबीसा बिन मुखारिक (रजि.) यांची हदीस याहून पुष्कळ बारकाईने बोलते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीन प्रकारच्या माणसांनाच मागण्याची मुभा दिली. दोन गटांतील तंटा मिटविण्यासाठी ज्याने दुसऱ्यांच्या रकमेचा भार शिरावर घेतला तो. एखाद्या आपत्तीत ज्याची मालमत्ता नष्ट झाली तो. आणि ज्याच्यावर उपासमारीची पाळी आली असून त्याच्याच कौमपैकी तीन समंजस माणसे तशी ग्वाही देतात तो. तेही गरज भागेपर्यंतच. याखेरीज मागून खाल्लेले हराम ठरविले गेले.

मदरशात ही हदीस शिकविताना आमचे उस्ताद 'कौम' या शब्दावर बराच वेळ थांबत. साक्षीदार परगावचे का नकोत? कारण माणसाच्या घरी चूल किती दिवस पेटलेली नाही, हे शेजाऱ्याला कळते. दूरच्याला कळत नाही. मोबाइलवरून अनोळखी माणसांपुढे केलेल्या सवालाची अडचण नेमकी इथे आहे. जे आपल्याला ओळखतात त्यांना वगळून तो थेट अशा लोकांकडे जातो, ज्यांना शहानिशा करता येत नाही.

आता पवित्र कुरआनातील सूरह अल्-बकराची २७३वी आयत डोळ्यांपुढे आणावी. तेथे अशा गरजवंतांची प्रशंसा आहे, ज्यांच्या स्वाभिमानी संयमामुळे अनभिज्ञ माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. ते लोकांच्या मागे लागून मागत नाहीत. अनभिज्ञ माणूस या तरुणाच्या आवाहनातही आहे, परंतु त्याची भूमिका नेमकी उलटी झाली आहे. तेथे अनोळखी माणूस गरजवंताला संपन्न समजत होता. येथे अनोळखी माणसाने आपल्याला अधिकाधिक दीनवाणे समजावे म्हणून शब्द जुळविले जातात.

आणि केवळ शब्दच नाहीत. आवाहनासोबत त्याने एक छायाचित्र जोडले होते. त्यात त्याची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसली होती. सोलापुरात विडीचे काम करणाऱ्या घरांची स्थिती सांगायला नको. पाने-तंबाखू घरी आणायची, दिवसभर मान मोडून वळायच्या, हजार विड्यांवर मजुरी मोजून घ्यायची. या माउलीने त्याच मजुरीवर तीन मुले वाढविली आणि मोहल्ल्यात कोणापुढे हात पसरला नाही. मी त्याला विचारले, "बेटा, अम्मीला विचारून हा फोटो टाकलास का?" त्याने मान खाली घातली. जिने आयुष्यभर झाकून ठेवले, तिचे दारिद्र्य सहा लाखांच्या सायकलीसाठी हजारो परक्या डोळ्यांपुढे उघडे पडणार होते.

त्याची ओढ खोटी नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. त्याच्या पायांत ताकद आहे. पण गरज कोणती, हा प्रश्न उरतोच. उसूलच्या ग्रंथांत जरूरत, हाजत आणि तहसीन अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: ज्यावाचून जगणे अशक्य, ज्यावाचून अडचण, आणि ज्याने केवळ शोभा वा सोय वाढते. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमानुसार शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोंपेक्षा कमी चालत नाही. महागड्या कार्बन सायकली याच आकड्याच्या आसपास उतरतात. सुरुवातीच्या श्रेणीतील ॲल्युमिनियमची रोड बाइक साधारण दहा किलोंची असते आणि तिची किंमत कार्बनच्या सायकलीच्या एका अंशाइतकीच. सरावासाठी धड सायकल ही या मुलाची हाजत म्हणता येईल. मधले तीन किलो मात्र तहसीन आहेत. सहीह मुस्लिममध्येच हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची रिवायत आहे की, संपत्ती वाढविण्यासाठी मागणारा जणू निखारे मागतो.

देणाऱ्याविषयीही दोन शब्द. सूरह अद्-दुहामध्ये मागणाऱ्याला झिडकारू नये असा आदेश आहे, म्हणून अशा मुलांची टिंगल करणाऱ्यांनी सावध असावे. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी तीनदा मागितले आणि प्रेषितांनी (स.) तीनही वेळा दिले, समज दिली ती दिल्यानंतर. पुढे हजरत हकीम यांनी मरेपर्यंत कोणाकडून काही घेतले नाही. खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) यांनी देऊ केलेला हक्काचा वाटासुद्धा त्यांनी नाकारला.

अन्सारी सहाबींची घटना अनेकांना ठाऊक असेल. ते मागायला आले, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले, घरी काय आहे? एक जाड कापड, जे अर्धे पांघरायचे व अर्धे अंथरायचे, आणि पाणी पिण्याचे एक भांडे. चादरींच्या या शहरात ते कापड काय असेल हे समजावून सांगण्याची गरज नाही. दोन्ही वस्तूंचा तेथेच लिलाव झाला. कोणी एक दिरहम म्हणाले, कोणी दोन. एका दिरहमचे अन्न घरी गेले, दुसऱ्याची कुऱ्हाड आली, प्रेषितांनी (स.) स्वहस्ते तिला दांडा बसविला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकायला सांगितले. ते परतले तेव्हा त्यांच्यापाशी दहा दिरहम होते. या रिवायतीच्या सनदीवर मुहद्दिसांनी चर्चा केली आहे. इमाम तिर्मिजी यांनी तिला हसन म्हटले आहे. मला त्यात नेहमी तो दांडा आठवतो. मदत झाली, पण ती अवजाराला झाली.

"म्हणजे कोणी दिली तरी सायकल घ्यायची नाही?" मुलाने विचारले. तसे नाही. सहीह बुखारी व मुस्लिममध्ये आहे की, हजरत उमर (रजि.) यांना काही दिले गेले, तेव्हा ते संकोचले, प्रेषितांनी (स.) सांगितले की, न मागता व हाव न धरता जे येईल ते घ्यावे, जे तसे येत नाही त्याच्या मागे मन धावू देऊ नये. ३१ जुलै २०२० रोजी, ईदुल अजहाच्या आदल्या दिवशी, तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी दिल्लीच्या शाळेत शिकणाऱ्या एका मुलाला ईदची भेट म्हणून रेसिंग सायकल दिली. तो मूळचा बिहारमधील मधुबनीचा. फावल्या वेळात खानावळीत भांडी घासायचा, उसन्या सायकलीवर सराव करायचा, आणि २०१७ मध्ये दिल्ली राज्य स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले होते. त्याचे कष्ट आधी लोकांच्या नजरेस आले, सायकल नंतर आली.

प्रायोजक शोधणे हाही सवाल नव्हे, जर त्यात मोबदला ठरलेला असेल. एखाद्या दुकानाचे नाव जर्सीवर घालायचे, अमुक शर्यतींत उतरायचे, त्याबदली अमुक रक्कम; हा उजरतचा व्यवहार आहे. त्यातही लपवाछपवी चालणार नाही, हे ओघाने आलेच. कर्ज-ए-हसना आहे. आपल्या बायका वर्षानुवर्षे चालवितात ती बिनव्याजी भिशीही आहे.

मी आवाहन माझ्या नावाने पाठविले नाही. त्याने ते माझ्यासमोरच पुसले. आईचे छायाचित्र आधी. त्याच संध्याकाळी आम्ही तिघांनी, मी, त्याचे चुलते आणि विजापूर वेशीजवळचे एक सायकल दुरुस्त करणारे बुजुर्ग, बसून हिशेब केला. जुनी ॲल्युमिनियमची सायकल मिळू शकते असे बुजुर्गांनी सांगितले. भिशीचा पहिला नंबर चुलत्यांनी त्याला दिला. तो हप्ते फेडण्यासाठी मगरिबनंतर दोन तास त्या दुकानात बसतो. परवा मी गेलो तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखले होते आणि तो दुसऱ्याच कोणाच्या चाकाचे आरे ताणीत होता. सलाम करायला त्याने मनगट पुढे केले.