लायसन्स राज्याचं की गावाचं?

प्रश्न : माझी धाकटी बहीण अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, सॅमॅमिशला राहते. तिकडच्या मराठी घरांतल्या बारशा-मुंजीचे फोटो काढायचा व्यवसाय तिला सुरू करायचा आहे. ती म्हणते, अर्ज राज्य सरकारच्या साइटवर करायचा, पण फी गावाचीही भरायची. आणि शेजारच्या गावात फोटो काढायला गेलं तर तिथलंही लायसन्स लागू शकतं. मग हे लायसन्स नेमकं कोणाचं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दोघांचंही. आपल्याकडे गुमास्ता लायसन्सचं काम मुंबईत महापालिका बघते आणि इतरत्र कामगार खातं, त्यामुळे एकाच कागदावर राज्य आणि गाव दोघंही असणं आपल्याला चमत्कारिक वाटतं. वॉशिंग्टनमध्ये अर्ज राज्याच्या महसूल खात्याच्या ‘बिझनेस लायसन्सिंग सर्व्हिस’कडे जातो. तिथून व्यवसायाला नऊ आकडी यूबीआय क्रमांक मिळतो. ज्या गावात काम करायचं, ते गाव त्याच अर्जात निवडायचं. मंजुरी आली की गावाचं नाव ‘एंडॉर्समेंट’ म्हणून परवान्यावर छापून येतं.

खिडकी राज्याची असली, तरी अधिकार गावाचाच राहतो. फी किती हे गाव ठरवतं. राज्य ती गोळा करून गावाकडे वळती करतं. अर्जही गावाच्या नजरेखालून जातो. बहीण घरातूनच काम करणार असेल, तर त्या वस्तीत असा व्यवसाय चालतो का, गिऱ्हाइकांच्या गाड्या कुठे लागणार, बाहेर पाटी लावता येईल का, हे राज्य नाही, गावच आपल्या नियमांप्रमाणे बघतं. मला ही वाटणी मनापासून पटते. चार-पाच हजार वस्तीच्या गावाने लायसन्ससाठी स्वतःची वेगळी यंत्रणा कशाला पोसायची? आणि आपल्या गल्लीत काय चालावं, हे राजधानीतल्या अधिकाऱ्याने तरी का ठरवायचं?

ही घडी आपोआप बसलेली नाही. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगारी यांचं काम रोज वेगळ्या गावात. पूर्वी प्रत्येक गावाचा अर्ज वेगळा, नूतनीकरणाची तारीख वेगळी, ‘व्यवसाय करणे’ याची व्याख्यासुद्धा वेगळी. ओरड वाढल्यावर २०१६ मध्ये विधिमंडळाने अभ्यासगट नेमला आणि २०१७ मध्ये कायदा केला : सर्वसाधारण व्यवसाय परवाना मागणाऱ्या प्रत्येक शहराने राज्याच्या व्यवस्थेत यावं, नाहीतर ‘फाइललोकल’मध्ये जावं. फाइललोकल ही सिएटल, बेल्व्यू, टॅकोमा, एव्हरेट या मोठ्या शहरांनी मिळून उभी केलेली सोय. राज्याकडे येणाऱ्यांना २०२२ अखेरपर्यंत मुदत होती, काही परिस्थितीत २०२७ पर्यंत.

तुमच्या बहिणीला याचा अर्थ असा. सॅमॅमिश आणि शेजारचं इसाक्वा राज्याच्या व्यवस्थेत आहेत. तिथलं काम एकाच खात्यावरून होईल. बेल्व्यूची मुंज घेतली, तर मात्र दुसरं दार. राज्याचा परवाना हातात आहे म्हणून तो राज्यभर चालतो, असं समजू नये. प्रत्येक ऑर्डरला नवा परवानाही लागत नाही. त्याच कायद्यातून आलेल्या नमुना नियमानुसार, गावात तुमची जागा नसेल आणि तिथली वर्षाची उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर लायसन्स माफ होतं किंवा फी न घेता नोंद होते. ही मर्यादा आधी निदान २,००० डॉलर होती, २०२६ पासून ती निदान ४,००० डॉलर आहे. काही गावं ती याहून जास्त ठेवतात. त्या त्या गावाचा चालू आकडा ऑर्डर घेण्याआधी बघावा.

कर मात्र या एका अर्जात येत नाही. काही शहरं उलाढालीवर आपला ‘बी अँड ओ’ कर घेतात. राज्याचाही त्याच नावाचा कर आहे. राज्याचं विवरणपत्र भरलं म्हणून शहराचं भरलं, असं होत नाही. इथे पुष्कळ नवखे व्यावसायिक फसतात.

आणि बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी तिच्याकडे कामाची परवानगी देणारं ईएडी कार्ड आहे का ते बघा. राज्याचा परवाना आणि गावाची एंडॉर्समेंट दोन्ही मिळाल्या, तरी अमेरिकेत काम करायची परवानगी त्यातून मिळत नाही. ती केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्याची बाब आहे. शंका असेल तर पहिली ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी वकिलाला विचारा.