अचानक माईक हाती आला तर?

प्रश्न : सोसायटीच्या गणेशोत्सवात कुणी 'दोन शब्द बोला' म्हटलं की मला काहीच सुचत नाही. काय करू? – एक वाचक, खारघर

उत्तर : तुम्ही अख्खं भाषण शोधता, म्हणून सुचत नाही. एकच प्रसंग शोधा. मान्यवरांची नावं घेण्यात दम घालवू नका. थेट 'काल रात्री मंडपाची ताडपत्री गळायला लागली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची मुलं धावत आली' असं सुरू करा. मग त्यांचे आभार, आणि बसा. शेवटचं वाक्य मात्र उठतानाच ठरवा. थांबायचं कुठे हे न कळल्यानेच बहुतेकजण भरकटतात.

सरावाला कॉलेजातल्या उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धांची रीत उत्तम : चिठ्ठी उचला, मिनिटभर विचार करा, दोन मिनिटं बोला. खारघरच्या सेंट्रल पार्कात फेरी मारताना हा सराव करा, पण मोठ्याने. अडखळलात तर 'अं... म्हणजे' न म्हणता क्षणभर गप्प राहा; श्रोत्यांना ते खटकत नाही.