मेंदूच्या पाण्यात औषध : लहान मुलांच्या कर्करोगावरील एक उपचार

एखाद्या घरातील लहान मुलाला मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले की घरची माणसे खचून जातात. त्यातच डॉक्टरांनी ‘पाठीच्या कण्यातून औषध द्यावे लागेल’ असे सांगितले, तर ‘कण्यात सुई टोचली की पोर लुळे पडते’ ही ऐकीव गोष्ट आठवून आई-वडील हादरतात. या भीतीपोटी उपचार नाकारले गेले किंवा अर्धवट सुटले, तर मुलाची बरे होण्याची संधी जाते. म्हणून हा उपचार काय आहे, तो का करतात आणि त्यात धोके कोणते, हे आपण क्रमाने समजून घेऊ.

१. मेंदूभोवतीचे पाणी

आपला मेंदू व मज्जारज्जू एका स्वच्छ, पाण्यासारख्या द्रवात असतात. यास मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. मेंदूच्या आतील पोकळ्यांत तो तयार होतो, मेंदू व मज्जारज्जूभोवती फिरतो आणि पुन्हा रक्तात शोषला जातो. प्रौढ माणसात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. मात्र दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो. म्हणजे हे पाणी दिवसातून तीनेक वेळा बदलते.

मुलांमधील काही गाठींच्या पेशी याच पाण्यातून दूरवर पसरतात. अनुमस्तिष्कात, म्हणजे लहान मेंदूत, होणारी मेड्युलोब्लास्टोमा ही त्यांपैकी प्रमुख होय. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशीही या पाण्यात दडून बसतात.

२. रक्तातून औषध का पोचत नाही?

शिरेतून दिलेले औषध सर्व शरीरात जाते, पण मेंदूत त्याचा फार थोडा अंश पोचतो. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १८८५ साली प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा इतर अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. पुढे १९१३ साली एडविन गोल्डमन यांनी रंग थेट मेंदूच्या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू रंगला. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असल्याने हा अडसर निर्माण होतो. तो विषांपासून आपले रक्षण करतो, पण औषधालाही अडवतो. तेव्हा पहारा टाळून औषध थेट पाण्यातच सोडावे, हा या उपचाराचा पाया आहे. पाणी थोडे असल्याने अल्प मात्रेतही औषध तेथे तीव्र राहते.

३. औषध आणि साधन

या कामी सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध मेथोट्रेक्सेट हे होय. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत फॉलिक आम्लाला विरोध करणाऱ्या औषधांवर काम झाले. त्यांतील अमिनोप्टेरिन वापरून डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ साली रक्ताचा कर्करोग असलेल्या मुलांत तात्पुरती सुधारणा दाखवून दिली. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातले.

औषध पाण्यात सोडण्याच्या दोन वाटा आहेत.

(अ) कमरेतून : ही पद्धत १८९१ साली हाइनरिश क्विंके यांनी रूढ केली. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. सुई त्याच्या खाली, जेथे केवळ पाणी व मज्जातंतूंचे मोकळे धागे असतात, तेथे घालतात. म्हणून ‘कण्यात सुई म्हणजे लुळेपणा’ ही समजूत चुकीची आहे.

(आ) डोक्यातून : कमरेत दिलेले औषध मेंदूच्या पोकळ्यांपर्यंत सारखे पोचतेच असे नाही. अविभाजित भारतातील पंजाबात जन्मलेले शल्यविशारद अयुब ओमाया यांनी १९६३ साली यावर उपाय मांडला. डोक्याच्या त्वचेखाली एक छोटी घुमटीसारखी पिशवी बसवतात आणि तिची नळी मेंदूतील पोकळीत सोडतात. मग दर वेळी त्वचेतून बारीक सुईने औषध देता येते. यास ‘ओमाया रिझर्व्हॉयर’ म्हणतात.

४. मात्रा वयावर

बहुतेक औषधांची मात्रा शरीराच्या आकारमानावर ठरते. येथे तसे नाही. मूल तीन वर्षांचे होईतो त्याच्या मेंदूतील पाणी जवळजवळ प्रौढाइतके होते, शरीर मात्र लहानच असते. म्हणून मेथोट्रेक्सेटची मात्रा वयानुसार ठरवतात : सामान्यतः एक वर्षाखाली ६, दुसऱ्या वर्षात ८, तिसऱ्यात १० आणि त्यापुढे १२ मिलिग्रॅम.

५. लाभ आणि मर्यादा

तीन वर्षांखालील मुलाच्या मेंदूला किरणोपचार दिल्यास बुद्धी व वाढ यांवर कायमचा परिणाम होऊ शकतो. जर्मनीतील डॉक्टरांनी ४३ लहानग्यांना शस्त्रक्रियेनंतर किरणांऐवजी शिरेतून व मेंदूच्या पाण्यातून औषधे दिली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांची गाठ पूर्ण निघाली होती व रोग पसरला नव्हता, त्यांच्यापैकी ८२ टक्के मुले पाच वर्षे रोग न उलटता राहिली. ज्यांचा रोग ठळकपणे पसरला होता त्यांत हे प्रमाण ३३ टक्केच होते.

कारण उघड आहे. पाण्यातील औषध मेंदूच्या पृष्ठभागापासून काही मिलिमीटरच आत झिरपते. मोठी गाठ त्याने विरघळत नाही, शस्त्रक्रिया लागतेच. तसेच पाण्याचा प्रवाह अडला असेल तर औषध एकाच जागी साचून अपाय करते.

६. धोके व दक्षता

डोकेदुखी, उलट्या, ताप, पिशवीत जंतुसंसर्ग आणि क्वचित मेंदूच्या श्वेतद्रव्याला इजा हे संभाव्य धोके आहेत. सर्वांत मोठा धोका चुकीच्या औषधाचा. व्हिन्क्रिस्टिन हे औषध केवळ शिरेतूनच द्यायचे असते. मेंदूच्या पाण्यात गेले तर ते बहुधा प्राणघातक ठरते. ते सिरिंजऐवजी छोट्या सलाइन पिशवीतून द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली बजावले.

७. आपले कर्तव्य

मुलाला सकाळी उठताच डोके दुखून उलटी होणे, चालताना तोल जाणे, नव्याने तिरळेपणा येणे, तान्ह्या बाळाचे डोके भराभर वाढणे, ही लक्षणे दिसल्यास अंगारे-धुपारे न करता डॉक्टरांकडे न्यावे. उपचार सुरू असलेल्या मुलाला ताप आल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आणि शेजारच्या घरी असे मूल असेल, तर सहानुभूतीच्या चार शब्दांबरोबर गाडीभाड्याची, मागे राहिलेल्या भावंडांच्या जेवणाची सोय आपण करावी. कारण हा उपचार एका सुईत संपत नाही. तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळा पूर्ण झाला, तरच मुलाला त्याचा खरा लाभ मिळतो.