पावसाबरोबर भरतीही बघा

पाऊस धरला की आमच्या भुईगावात जुनी माणसं आधी तिथी बघतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते आणि नेमका तेव्हाच मुसळधार पाऊस लागला तर पाणी हटत नाही. आमच्या वसई तालुक्याच्या उत्तरेला वैतरणा नदी, दक्षिणेला वसईची खाडी आणि पश्चिमेला समुद्र. सगळं पाणी जायचं तिथेच. भरती चढली की खाडी नाल्यात मागे शिरते आणि पावसाच्या पाण्याची वाट बंद होते.

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, लोकल थांबली, वसईच्या मिठागरात शेकडो माणसं अडकली आणि वीज गेली. ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या घरात काय झालं ते सांगतो. अंगणातलं पाणी अजून जोत्याच्या खाली होतं, म्हणून आम्ही दाराकडे लक्ष ठेवून बसलो होतो. तेवढ्यात न्हाणीघराच्या मोरीत बुडबुडे यायला लागले. मग काळं, वासाचं पाणी वर आलं आणि बघता बघता स्वयंपाकघरात पसरलं. संडासाच्या भांड्यातूनही तेच. ओहोटी लागली तसं ते उतरलं, पुढच्या भरतीला परत आलं.

म्हणून सांगतो, रेतीने भरलेली पोती प्लास्टिकमध्ये गुंडाळून मे महिन्यातच तयार ठेवा आणि दाराआधी मोरीवर व भांड्यावर दाबून बसवा. पाणी विजेच्या बोर्डापर्यंत पोचण्याची वाट बघू नका. हात कोरडे आहेत तोवर मेन स्विच बंद करा. विहीर बुडाली असेल तर उपसून क्लोरीन टाकल्याशिवाय तिचं पाणी पिऊ नका. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि त्यानंतर ताप आला, तर अंगावर काढू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

वादळाचं गणित वेगळं. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ ला आमच्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेलं, इथे जमिनीवर आलं नाही. तरी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस झाला, तोही मे महिन्यात, नालेसफाई पुरी व्हायच्या आधी. किनाऱ्यावरच्या सुरूंचे शेंडे मोडले. वाडीतल्या घड लागलेल्या केळी एका रांगेत, एकाच दिशेला आडव्या झाल्या. वीज नाही म्हणजे पंप नाही. विहीर भरलेली असून घरात पाणी नव्हतं. तेव्हा दोर आणि बादली कामाला आली, ती अजून मी हाताशी ठेवली आहे. पडलेल्या झाडांना हात लावण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही.

आणि वादळ फक्त जूनच्या तोंडावर येतं असं धरून चालू नका. फयान आलं ११ नोव्हेंबर २००९ ला, ओखीचा पाऊस डिसेंबर २०१७ मध्ये. भात कापून शेतात पडलेलं असतं ते दिवस. हवामान खात्याचा लाल इशारा म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पाऊस होऊ शकतो. त्या दिवशी भरतीची वेळ बघून ठेवा, म्हाताऱ्या माणसांना आणि जनावरांना भरतीच्या आधी उंचावर हलवा. जिल्ह्याचा आपत्ती क्रमांक १०७७ भिंतीवर लिहून ठेवा, कारण मोबाइल बंद पडतो.

मला सगळ्यात जास्त टोचते ती बावखलांची, म्हणजे वाडीतल्या तळ्यांची गोष्ट. वाडीला पाणी मिळावं म्हणून आपल्या पूर्वजांनी ही खोदली. पावसाळ्यात तीच गावाचं पाणी पोटात घेत आणि उन्हाळ्यात विहिरींचे झरे जिवंत ठेवत. त्यातली कितीतरी आज भरावाखाली गेली. खाडीकाठच्या खाजणातही माती पडली. पूर्वी जे पाणी तिथे थांबायचं ते आता घरात शिरतं, यात नवल कसलं?

इथे जागा किंवा घर घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. कागदपत्रं बघाच, पण शेजारच्या जुन्या घरी जाऊन दोन गोष्टी विचारा: २०१८ ला इथे पाणी कुठवर आलं होतं, आणि या जागी आधी बावखल होतं का? आणि ज्यांच्या वाडीत अजून बावखल आहे त्यांनी पावसाच्या आधी त्यातला गाळ काढावा, ते बुजवू नये.