चिखलदऱ्यात चालू लॉज विकत घेताय? सही करण्याआधी हे ४ हिशेब करा

अमरावती-अकोल्याकडून एक प्रश्न वारंवार येतो: "सर, चिखलदऱ्यात चालू लॉज विकायला आहे, घेऊ का?" विदर्भाचं एकमेव थंड हवेचं ठिकाण, शेजारी मेळघाट व्याघ्र प्रकल्प. मोह होणारच. त्यात विकणारा म्हणतो, "भाऊ, धंदा चालता आहे, तुम्हाले फक्त गल्ल्यावर बसाचं आहे!" पण वावर विकून आलेला पैसा लावायचा असेल तर आधी कागद आणि पेन घ्या.

१) खोल्यांचा हिशेब

मालकाने सांगितलेला गल्ला बाजूला ठेवा. समजा १० खोल्या आहेत. १० × ३६५ म्हणजे वर्षाच्या ३,६५० रात्री. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, पण मंगळवारी-बुधवारी जाऊन बघा. वर्षभराची सरासरी ३० टक्के धरली तर १,०९५ रात्री. १,५०० रुपये भाड्याने १६,४२,५०० रुपये. पगार, वीज, धुलाई, डागडुजी, दलाली यात ६० टक्के गेले तर उरले ६,५७,०००.

आता किंमत सांगितली ९० लाख, त्यातले ६० लाख १० टक्क्यांनी कर्ज. पहिल्या वर्षाचं व्याजच सुमारे ६ लाख! उरले ५७ हजार. मुद्दल अजून फेडायचं आहे, तुमचा पगार तर धरलाच नाही. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे आकडे टाका आणि मग किंमत बोला. मालकाकडून ३ वर्षांचे जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, वीजबिलं मागा. खोल्या भरल्या असतील तर वीजबिलात दिसतंच.

२) जमिनीचा हिशेब

गावठाणाबाहेरच्या जागेत इमारत उभी आहे म्हणजे परवानगी आहे, असं नसतं. सातबारा, अकृषिक परवानगी, बांधकाम नकाशा, घरपट्टीची पावती बघा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असेल तर तिथेच थांबा आणि वकील गाठा. मेळघाटात कोरकू बांधवांच्या जमिनी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६अ नुसार आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. "शंभराच्या स्टॅम्पवर करून टाकू" म्हणणाऱ्याला लांबूनच रामराम करा. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढा आणि वनहद्दीची चौकशी वन विभागात करा.

३) जुन्या देण्यांचा हिशेब

चालू धंदा घेतला की जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार हस्तांतरापर्यंतच्या थकीत कराची जबाबदारी तुमच्यावरही येते. थकीत वीजबिलही गळ्यात पडू शकतं. म्हणून थकबाकी नसल्याचे दाखले आधी, पैसे नंतर.

४) ताबा घेण्याच्या दिवसाचा हिशेब

दिवाळी-नाताळच्या बुकिंगचा ॲडव्हान्स जुन्या मालकाने घेतलाय का? तो किमतीतून वजा करा. लॉजचा फोन नंबर, नकाशावरची नोंद, रिव्ह्यू, गाद्या-गिझरची यादी हे सगळं करारात लिहा. आचारी आणि जुना केअरटेकर थांबणार का, ते त्यांनाच विचारा. पाहुणा पुन्हा येतो तो पिठलं-भाकरीसाठी आणि ओळखीच्या चेहऱ्यासाठी.

मग घ्यायचं की नाही?

आधी एक वर्ष भाडेतत्त्वावर चालवून बघा. करार लेखी आणि नोंदणीकृत करा, 'वर्षानंतर अमुक किमतीत खरेदीचा पहिला हक्क' हे त्यात टाका. वर्षभरात पाऊस, थंडी, उन्हाळा, रिकामे बुधवार सगळं दिसेल. मालक याला अजिबात तयार नसेल, तर का नाही, हे शोधा.

आजचा गृहपाठ: पुढच्या बुधवारी चिखलदऱ्याला जा, त्याच लॉजमध्ये पाहुणा म्हणून राहा आणि रात्री ९ वाजता किती खोल्यांत दिवा आहे ते मोजा. मग वरचा पहिला हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करा. भेटू पुढच्या व्हिडिओत!